फॅन फिरतोय, तरी गाडी तापतेय: घोडबंदर रोडवरच्या एका हॅचबॅकचं प्रकरण

गाडी १.२ लिटरची, चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, मीटरवर १ लाख १२ हजार किलोमीटर. रोजची धाव कासारवडवली ते ठाणे स्टेशन आणि परत, महिन्यातून एखादी नाशिकची फेरी. तक्रार मे महिन्यातली. जाममध्ये दहा-पंधरा मिनिटं अडकलं की आधी एसीतून कोमट हवा यायला लागते आणि मग डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. जाम सुटून गाडी पन्नासच्या पुढे पळाली की तीन-चार मिनिटांत दिवा जातो आणि एसीही पुन्हा गार होतो.

या मॉडेलला तापमानाचा काटा नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि तापल्यावर लाल. मधल्या पन्नास-साठ अंशांत काय चाललंय हे चालवणाऱ्याला कळायची सोयच नाही. त्यामुळे पहिली खूण एसीची असते. इंजिन गार ठेवणारं पाणी ठराविक तापमानाच्या वर गेलं की ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजिनावरचा भार कमी करायला एसीचा कंप्रेसर बंद करतो. मालकाला वाटतं गॅस कमी झाला. इथेही तसंच झालं आणि दुखणं पाण्याचं असताना सुरुवात एसीवाल्याकडून झाली.

तीन आठवड्यांत गाडी दोन ठिकाणी जाऊन आली होती. एसीवाल्याने गॅस तपासून ठीक असल्याचं सांगितलं, पण फॅन चालू होत नसल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो "डायरेक्ट" करून दिला, म्हणजे किल्ली फिरवली की फॅन सुरू. तरी गाडी तापायची थांबली नाही. दुसऱ्या ठिकाणी थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, रेडिएटरचं झाकण बदललं, पाणी बदललं. तरीही तापतेय म्हटल्यावर निदान झालं ते "हेड गेलंय", म्हणजे सिलिंडरवरचं डोकं किंवा त्याखालचं गॅस्केट खराब. हेड उतरवणं, फेसिंग, गॅस्केट मिळून १८ हजारांचा अंदाज. काम सुरू होण्याआधी मालकाने दुसरं मत घ्यायचं ठरवलं. पुढची सगळी मोजमापं तिथपासूनची.

हेडला हात लावण्याआधी

तक्रारीचा आकृतिबंधच बरंच सांगून जातो. जाममध्ये तापते आणि पळताना गार होते, याचा अर्थ पळताना समोरून फुकट मिळणारा वारा पुरतो, पण उभी असताना तोच वारा फॅनने ओढायचा असतो आणि तिथे कमी पडतो. हाच आकृतिबंध उलटा असता, म्हणजे शहरात ठीक आणि ऐंशीच्या पुढे गरम, तर रेडिएटर आतून चोंदलाय का, वॉटर पंप पाणी ढकलतोय का, गॅस्केट गॅस सोडतंय का, हे आधी पाहिलं असतं.

मालकाला विचारलेला सगळ्यात उपयोगी प्रश्न असा: "कसारा घाट चढताना काय होतं?" उत्तर आलं की घाटात काहीच होत नाही, एसीही चालू असतो. घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये चढत असते, इंजिन जाममधल्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता तयार करत असतं आणि वारा चाळीसच्या वेगाचा असतो. एवढी उष्णता जी यंत्रणा बाहेर टाकते तिचा पंप मेलेला नसतो, रेडिएटर आतून बंद नसतो आणि गॅस्केट उडालेलं असण्याची शक्यताही फार कमी उरते. हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, तरी बहुतेक वेळा तो विचारला जात नाही.

अंदाजावर सोडायचं नाही म्हणून हेडच्या तीन तपासण्या केल्या. थंड इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून १ बारचा दाब भरला. पंधरा मिनिटांत काटा हलला नाही, म्हणजे गळती नाही. मग इंजिन गरम करून रेडिएटरच्या तोंडावर ब्लॉक टेस्टर धरला. त्यातलं निळं द्रावण सिलिंडरमधला जळका गॅस पाण्यात येत असेल तर पिवळं पडतं. पाच मिनिटं निळंच राहिलं. तिसरं, ऑइलचं झाकण उघडून आणि डिपस्टिक काढून पाहिली. ऑइलमध्ये पाणी मिसळल्याचा पांढरट फेस नाही. हेड निर्दोष.

मग पाणी कमी का होत होतं? तीन आठवड्यांत मालकाने रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत मिळून साधारण ३०० मिली भरलं होतं आणि दुसऱ्या गॅरेजने ते गॅस्केटचं लक्षण मानलं होतं. कारण साधं होतं. लाल दिवा लागला की मालक बाजूला घेऊन ताबडतोब इंजिन बंद करायचा. इंजिन बंद झालं की पंप थांबतो, हेडमधली उष्णता जागच्या जागी थांबलेल्या पाण्यात उतरते, तिथे ते उकळतं आणि बाटलीतून बाहेर येतं. दिवा लागल्यावर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण आणि फॅन चालत असेल तर इंजिन मिनिट-दोन मिनिटं आयडलवर, ही पद्धत बरी. मात्र पाणी गळत असेल, वाफ येत असेल किंवा दिवा जातच नसेल तर लगेच बंद. झाकण दोन्ही परिस्थितीत उघडायचं नाही. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणी जवळपास ११८ अंशांपर्यंत उकळत नाही; झाकण सैल केल्या क्षणी ते शंभरला उकळतं आणि सगळं अंगावर येतं.

पहिली मोजणी

ब्लूटूथवाला साधा ओबीडी डोंगल (ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारा) आणि मोबाइल. सेन्सर खोटं बोलत नाही ना हे आधी पाहिलं. सकाळी थंड इंजिनावर पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दोन्ही २९, म्हणजे जुळतंय. (शंका असती तर सेन्सरचा प्लग काढून रोध मोजायचा: २० अंशांना साधारण अडीच किलोओम, ८० अंशांना तीनशे ओमच्या आसपास.)

मग दुपारी सव्वादोनला, बाहेर ३५ अंश असताना, गाडी उन्हात उभी, दारं उघडी, एसी पूर्ण, ब्लोअर पूर्ण, इंजिन आयडलवर. दारं उघडी ठेवण्याचं कारण असं की कॅबिन गार होत नाही, कंप्रेसर सुटत नाही आणि कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) सतत पूर्ण भार राहतो. जाममधली सगळ्यात वाईट अवस्था गॅरेजच्या दारात तयार होते. पाच मिनिटांना ९३, दहाला १०१, पंधराला १०८, आणि सोळाव्या मिनिटाला कंप्रेसर सुटला. ११० ला चाचणी थांबवली. त्याच वेळी एसीचा उच्च दाब २४ बारवर होता. ३५ अंशांच्या हवेत तो १५ ते १७ च्या दरम्यान असायला हवा.

हा आकडा महत्त्वाचा, कारण एसीच्या नळ्यांचा इंजिनाच्या पाण्याशी काही संबंध नाही. दोन वेगळ्या यंत्रणा एकाच वेळी तापत असतील तर दोघींमध्ये सामाईक काय ते बघायचं. सामाईक एकच गोष्ट: समोरून मागे जाणारी हवा. या गाडीत कंडेन्सर पुढे, त्याच्या मागे रेडिएटर आणि दोघांसाठी मिळून एकच फॅन.

संध्याकाळी माजिवड्याहून भिवंडी बायपासच्या दिशेने मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाने तेच मोजलं तर ६९ ते ७२. थर्मोस्टॅट नसल्याची ही सही. चांगल्या अवस्थेत हे इंजिन हायवेवर ८५-९० ला स्थिर राहतं. ईसीयूच्या आठवणीत पी०१२८ हा कोडही होता, म्हणजे पाणी अपेक्षित तापमानाला पोचत नाही. एकाच गाडीत जाममध्ये ११० आणि हायवेवर ७०! मालकाच्या लक्षात आलेलं नव्हतं, पण सरासरीही लिटरमागे दीडेक किलोमीटरने उतरली होती. थंड इंजिन समजून ईसीयू पेट्रोल जास्त टाकत राहतो.

"फॅन तर चालू आहे"

आधीच्या दोन्ही ठिकाणी फॅनकडे पाहिलं गेलं होतं. डायरेक्ट केल्यावर फिरत होता, आवाज येत होता, म्हणून तो यादीतून बाद झाला. निदान घसरलं ते इथे. फॅन फिरतो की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. तो किती व्होल्टवर, किती अँपिअर घेऊन, किती हवा ओढतो हे विचारायचं.

मल्टिमीटरची एक सुई फॅनच्या कनेक्टरच्या मागून पॉझिटिव्हला, दुसरी निगेटिव्हला, फॅन चालू असताना. कनेक्टर काढून मोजलं तर काही कळत नाही, कारण भार नसताना केसाएवढ्या तारेतूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. बॅटरीच्या टोकांवर १३.७ आणि मोटरवर १०.६. म्हणजे ३.१ व्होल्ट वाटेत हरवत होते. वाट शोधायची तर मीटर बॅटरी-पॉझिटिव्ह ते मोटर-पॉझिटिव्ह असा लावायचा: २.५. आणि मोटर-निगेटिव्ह ते बॅटरी-निगेटिव्ह: ०.६. पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट आणि अर्थच्या (निगेटिव्ह जोडणीच्या) बाजूला ०.२ यापेक्षा जास्त असेल तर काम काढायचं.

डायरेक्ट केलेली तार उकलत गेल्यावर हिशोब लागला. ती अर्धा चौरस मिलिमीटरची होती, डॅशबोर्डखाली इग्निशन स्विचच्या मागून घेतलेली, फायरवॉलच्या रबरातून आलेली, एकूण चार मीटरच्या आसपास. तांब्याच्या अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.०३७ ओम. चार मीटरचा ०.१५ ओम. ७ अँपिअरला एक व्होल्ट एकट्या तारेत गेला. वाटेत दोन सांधे, तारा पिळून वर काळी टेप; टेप उष्णतेने चिकट होऊन सरकली होती आणि आतलं तांबं काळं-हिरवं पडलं होतं. दोन सांध्यांत मिळून ०.९. उरलेले ०.६ इग्निशन स्विच आणि त्याच्या कनेक्टरमध्ये. तारेवर फ्यूज नव्हता, कुठेच. कधी घासून बॉडीला लागली असती तर गाडी तापण्याचा प्रश्न मिटून जळण्याचा सुरू झाला असता.

अर्थची कथा लहान आहे: हेडलाइटच्या मागे बॉडीला लावलेला लग (तारेच्या टोकाचं कडं), त्याखाली गंज.

आता ३.१ व्होल्टने किती फरक पडतो? मोटरला थेट बॅटरीवरून, ४ चौरस मिलिमीटरच्या तारेने आणि मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घालून करंट दिला. मोटरवर १३.२ व्होल्ट, क्लॅम्प मीटरवर १०.५ अँपिअर, आवाजही लगेच बदलला. जुन्या तारेवर हीच मोटर ७ अँपिअर घेत होती. म्हणजे वेग जवळपास ८० टक्के. ऐकायला २० टक्क्यांची घट किरकोळ वाटते. पण पंख्याने तयार केलेला दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.६४. समोर मोकळी जाळी असती तर पाचव्या हिश्श्याची हवा कमी झाली असती आणि गाडीने कसंतरी निभावलं असतं. समोर जाळी मोकळी नव्हती.

कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे

बंपरच्या जाळीतून टॉर्च मारला तर कंडेन्सर स्वच्छ दिसत होता. सर्व्हिसिंगला तो दर वेळी पुढून धुतलेला. ए४ कागद पुढून लावून पाहिला: खालच्या मधल्या भागात चिकटला, वरच्या भागात सरळ खाली घसरला. वर हवाच ओढली जात नव्हती.

बंपर काढला, रेडिएटरच्या वरच्या दोन्ही पकडी सोडल्या आणि एसीच्या नळ्यांना ताण न देता रेडिएटर मागे तीन बोटं झुकवला. मधल्या फटीत करड्या रंगाची, नमद्यासारखी गादी बसलेली. मेट्रोच्या कामाची धूळ, कपड्यांचे आणि केसांचे तंतू, सावरीचा कापूस, डासा-पतंगांचे पंख, चिप्सच्या पाकिटाचा एक तुकडा, आणि हे सगळं दर पावसाळ्यात भिजून, उन्हाळ्यात वाळून थर-थर चढलेलं. नखाने कोपरा उचलला तर कागदासारखी सलग निघत होती. सगळी गोळा केल्यावर आंघोळीचा मग अर्ध्याच्या वर भरला. रेडिएटरचा वरचा जवळपास ४० टक्के भाग झाकलेला होता, आणि गरम पाणी आत शिरतं ते वरूनच.

कंडेन्सर पुढून धुतल्याने यातलं काही निघत नाही. उलट पाण्याच्या जोराने पुढची घाण आत ढकलली जाते आणि रेडिएटरच्या तोंडावर थांबते. धुण्याची दिशा इंजिनाकडून पुढे. आधी कोरड्या ब्रशने गादी सोलून काढली, मग ३-४ बारची हवा एक फुटावरून सरळ काटकोनात, मग बागेच्या पाइपचं साधं पाणी. कार धुण्याचा प्रेशर वॉशर इथे वापरू नये. जाळीतल्या पातळ पत्र्याच्या पापण्या (फिन) एकदा दुमडल्या की जाळी कायमची बंद. दुमडलेल्या थोड्या होत्या त्या फिन-कंगव्याने सरळ केल्या. रेडिएटरच्या दोन्ही कडांच्या फोमच्या पट्ट्या गळून गेल्या होत्या. गाडी उभी असताना फॅन सोपी वाट शोधतो आणि कडेच्या फटीतून इंजिनाकडचीच गरम हवा फिरवून पुन्हा ओढतो. म्हणून नव्या पट्ट्या चिकटवल्या.

दुरुस्ती, एकेक करून

सगळं एकदम बदललं असतं तर गाडी गार झाली असती, पण कशामुळे हे कळलं नसतं. म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर तीच चाचणी: दारं उघडी, एसी पूर्ण, २५ मिनिटं.

पहिल्यांदा वायरिंग. डायरेक्टची तार मुळापासून काढली आणि कंपनीचं मूळ सर्किट पाहिलं. मूळ बिघाड शेवटी इथे सापडला. फॅनच्या रिलेखालचं (रिले म्हणजे ईसीयूच्या हुकमावर फॅनचा करंट जोडणारा स्विच) फ्यूज-बॉक्समधलं टर्मिनल सैल होऊन तापलं होतं, रिलेची ८७ नंबरची पिन निळसर-काळी आणि प्लास्टिक त्या कोपऱ्यात वितळलेलं. ईसीयू हुकूम देत होता, रिले टिक करत होता, पण पुढे करंट जात नव्हता. रिले नवा, टर्मिनल नवं आणि क्रिंप केलेलं, त्यापुढे अडीच चौरस मिलिमीटरचा तुकडा, वर हीट-श्रिंक. मूळचा ३० अँपिअरचा फ्यूज तसाच. अर्थचा लग घासून, पत्रा चकचकीत करून, व्हॅसलीन लावून परत आवळला. मोटरवर आता १३.२ व्होल्ट. हे मोजमाप गादी काढण्याआधीचं आहे, क्रम मुद्दाम तसा ठेवला होता: २५ मिनिटांना १०३, अजून हळूहळू चढतंय, कंप्रेसर मात्र सुटला नाही.

गादी काढल्यावर आणि पट्ट्या लावल्यावर: ९७ ला स्थिर. एसीचा दाब २४ वरून १६.

शेवटी थर्मोस्टॅट. "आपल्याकडे एवढी गरमी, थर्मोस्टॅट हवाय कशाला" हे वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं की त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला मागच्या बाजूने दुसरी चकती असते. गरम झाल्यावर पुढची झडप रेडिएटरची वाट उघडते आणि तीच हालचाल मागच्या चकतीने बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायम उघडा राहतो. पंपाने ढकललेल्या पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतो. हायवेवर वाऱ्याचा जोर एवढा की उरलेलं पाणीही गरजेपेक्षा गार होतं, म्हणून ७०. जाममध्ये मात्र रेडिएटरला पाणी कमी पडतं. गार ठेवण्यासाठी काढलेला भाग जाममध्ये गाडी तापवायला मदत करत होता.

नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून, झडपेत दोरा अडकवून त्यालाच टांगून, थर्मामीटर घालून पाहिला. ८२ च्या आसपास झडप दोरा सोडू लागली, ९५ ला ८ मिलिमीटर उघडली. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर पातेल्याच्या पत्र्याची उष्णता लागून तो लवकर उघडतो.

इथे एक चूक झाली, आणि ती सांगण्यासारखी आहे. थर्मोस्टॅट बसवून पाणी भरल्यावर आठव्या मिनिटालाच १०४. हीटर गार हवा फेकत होता, खालचा पाइप थंड, आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे. कोणीही घाबरून "हेड" म्हणेल असं चित्र. पण आधी मोजलेलं एक माप कामी आलं. जुनं पाणी काढताना ते बादलीत धरून मोजलं होतं, ४.४ लिटर निघालं होतं. नवीन फक्त ३.६ लिटर आत गेलं होतं. म्हणजे ८०० मिली हवा आत अडकली. कारण थर्मोस्टॅटच्या कडेला असलेली छोटी लोंबती पिन. तिच्या भोकातून हवा निसटते, म्हणून ती वर, घड्याळाच्या बाराच्या जागी यायला हवी. बसवताना ती खाली गेली होती. गाडी पूर्ण थंड होऊ दिली, वॉटर बॉडी (थर्मोस्टॅटचं घर) पुन्हा उघडली, पॅकिंग नवं घातलं, पिन वर केली.

हवा काढायची पद्धत: गाडीचं तोंड वीतभर उंच (समोरची चाकं रॅम्पवर), हीटर पूर्ण गरम, रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढून त्यात फनेल बसवलेलं. इंजिन आयडलवर, अधूनमधून २००० पर्यंत हलकं ॲक्सिलरेशन आणि हाताला जाड मोजा घालून वरचा पाइप दाबत राहायचं. खालचा पाइप गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. फॅन दोनदा आपोआप चालू-बंद होईपर्यंत फनेलमधली पातळी टिकवायची. ४.३ लिटर गेलं. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनाने बाटलीतून स्वतःच ओढून घेतलं.

पाण्याबद्दल थोडं. काढलेल्या पाण्यात रिफ्रॅक्टोमीटरने कूलंट जेमतेम १५ टक्के होतं, बाकी बोअरचं जड पाणी. नवीन मिश्रण निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. जास्त कूलंट घातलं की जास्त गार, हा गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस. निम्म्या मिश्रणाची क्षमता शुद्ध पाण्यापेक्षा कमीच असते. ठाण्यात पाणी गोठायची भीती नाही. कूलंट हवं ते गंज रोखण्यासाठी, पंपाच्या सीलसाठी आणि उकळण्याचा बिंदू थोडा वर नेण्यासाठी. शंभर टक्के कूलंट ओतणं हे पैसे देऊन गाडी तापवणं आहे. काढलेलं पाणी उघडं ठेवू नये, गोडसर लागतं म्हणून कुत्री-मांजरं पितात आणि मरतात.

शेवटची मोजणी

२५ मिनिटांच्या चाचणीत, एसी चालू असताना ९३ ते ९५. एसी बंद करून आयडलवर ठेवल्यावर ९८ ला फॅन सुरू, ९३ ला बंद, एका फेरीला साधारण सव्वा मिनिट. हायवेवर ८७. संध्याकाळी साडेसहाला मानपाडा ते कापूरबावडी ३८ मिनिटं रखडत, एसी चालू: कमाल ९६. दुरून तापमान मोजणाऱ्या बंदुकीने (चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी दाखवते, काळ्या रबरी पाइपावर धरायची) रेडिएटरचा वरचा पाइप ९२, खालचा ८१. दुरुस्तीआधी हाच फरक चार अंशांचा होता.

खर्च: रिले, टर्मिनल, तार, थर्मोस्टॅट, दोन पॅकिंग, कूलंट, फोम आणि दीड दिवसाची मजुरी मिळून ४,६००.

मागे वळून क्रम लावला तर असा दिसतो. आधी गादी साचली. त्यामुळे फॅन जास्त वेळ चालू लागला. त्याने आधीच सैल असलेलं रिलेचं टर्मिनल तापून गेलं आणि फॅन बंद पडला. इथे पहिला लाल दिवा. त्यावर डायरेक्टची बारीक तार आली, फॅन अर्धपोटी फिरू लागला. त्यावर थर्मोस्टॅट गेला. मूळ दुखणं दोन, उपचारांनी आणलेली आणखी दोन. आणि फॅन फिरताना दिसत असल्यामुळे चौघांपैकी कोणाचाच पत्ता लागत नव्हता.

तीन महिन्यांनी, पावसाळ्यात, पुन्हा पाहिलं: मोटरवर १३.१ व्होल्ट, १०.६ अँपिअर, रिलेचं डोकं हाताला कोमट, बाटलीतली पातळी जागेवर. जुन्या मोटरचे ब्रश आता दहा वर्षांचे आहेत. करंट १४ च्या पुढे गेला किंवा फॅन थांबताना घासल्याचा आवाज आला तर रिले पुन्हा जळण्याआधी मोटर बदलायची, असं मालकाच्या सर्व्हिस-बुकवर लिहून दिलं आहे. त्याखाली दुसरी ओळ: दर दुसऱ्या वर्षी, एप्रिलच्या आधी, रेडिएटर झुकवून मधली फट साफ करणे.